इंदूर, राजेंद्रनगर ते राऊ: श्रावण ते कोजागरीचे कार्यक्रम, आणि त्यांना लागणारी माणसं

रुळापलीकडची
रविवार, २ ऑगस्ट २०२६, रात्री ९.४०

मंडळी, यंदा आपल्या मंडळाच्या चिटणीसपदाची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. सभेला उशिरा पोचले, तोवर ठराव झालासुद्धा होता. असो.

आधी गेल्या वर्षीचं सांगते, कारण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपण चौदा कार्यक्रम जाहीर केले, झाले आठ. पाककृती स्पर्धेला तीन स्पर्धक आणि चार परीक्षक होते. वाचनकट्टा दोनदा भरला. दुसऱ्यांदा मी आणि हॉलचा चौकीदार, एवढेच. त्याने माझ्यासाठी पंखा लावला आणि बाहेर जाऊन बसला.

तेव्हा यंदा माझी एकच अट. ज्या कार्यक्रमापुढे एका माणसाचं नाव नाही, तो होणार नाही. 'आपण सगळे मिळून करू' हे नाव चालणार नाही.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळं पुढे सरकलंय. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले होते, यंदा सोमवारी, १४ सप्टेंबरला. म्हणजे हातात सहा आठवडे आहेत. माझ्या वहीतली कच्ची यादी:

१५ ऑगस्ट, शनिवार: झेंडावंदन, मग पोहे-जिलबी.
१८ ऑगस्ट, मंगळवार: मंगळागौरीचे खेळ, दुपारी ४.
६ सप्टेंबर, रविवार: शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा.
१४ ते २५ सप्टेंबर: गणपती. त्यात १८ला मुलांचं नाटक, २०ला महाप्रसाद, २५ला संध्याकाळी ७ वाजता विसर्जन.
२७ सप्टेंबर, रविवार: लताबाईंच्या गाण्यांची संध्याकाळ.
११ ऑक्टोबर, रविवार: सिरपूर तलावावर पक्षिनिरीक्षण.
२५ ऑक्टोबर, रविवार: कोजागरी.

सूचना हव्यात, पण सूचनेबरोबर नाव द्या. आणखी एक, मंडळाच्या स्टीलच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? आधीच्या चिटणीसांकडे नाही, त्यांच्या आधीच्यांकडेही नाही.

जुना इंदूरकर
२ ऑगस्ट, रात्री १०.१५

ताई, अभिनंदन म्हणू की सांत्वन करू? २५ तारखेला संध्याकाळी ७ वाजता विसर्जन हे कुणाच्या डोक्यातून निघालं? त्या दिवशी अनंत चतुर्दशी आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्या निघतात. सातला तुम्ही आरती लावली तर आरतीला मूर्ती असेल आणि भटजी असतील.

पुण्याहून आलेला
२ ऑगस्ट, रात्री १०.३२

नवीन आहे, मार्चपासून इथे राहतोय, सुपर कॉरिडॉरला नोकरी. झांकी म्हणजे आपले देखावेच ना? ते तर रोज बघता येतात. मग त्याच रात्री एवढं काय?

जुना इंदूरकर
२ ऑगस्ट, रात्री ११.०५

बसा, सांगतो. पुण्यात देखावा जागेवर असतो आणि माणसं फिरतात. इथे माणसं जागा धरून बसतात आणि देखावा फिरतो. आणि वर्षातून एकच रात्र.

ही परंपरा कापडगिरण्यांची. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांचे कामगार आपापल्या गणपतीबरोबर झांक्या काढत. सर सेठ हुकुमचंदांच्या काळात सुरू झालं, शंभरी उलटली त्याला. झांकी करणारे बाहेरून यायचे नाहीत. सुतारखात्यातला माणूस सांगाडा उभा करायचा, फिटर पट्टे आणि पुली बसवायचा. हनुमान उडायचा, तो गिरणीतल्याच कुठल्यातरी जुन्या चाकावर. वडील मला रामबागेतून खांद्यावर बसवून जेल रोडला न्यायचे. दहाला जागा धरायची, बाराला डोळे मिटायला लागायचे, आणि नेमकी तेव्हा 'आली, आली' म्हणून आरोळी उठायची. पुढे आखाडे. लाठ्या, पट्टे, आणि तोंडातून जाळ काढणारा एक माणूस, ज्याला मी पुढची दोन वर्षं घाबरत होतो.

मग गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१-९२च्या सुमारास बंद झाली. कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३चा डिसेंबर उजाडला: ४,८०० कामगार, २२४ कोटी रुपये. कितीतरी जण तोवर गेले होते. पण त्या सगळ्या वर्षांत झांकी बंद पडली नाही. भोंगा थांबला, पगार थांबला, तरी वर्गणी काढून त्यांनी झांकी काढली. म्हणून म्हणतो, सातचं विसर्जन ठेवू नका. दुपारी ३ला काढा, ५ला मोकळे व्हा. मग ज्याला जायचं तो जाईल.

विसर्जनाला माझं नाव लिहा. वय ७४, पण घड्याळ बरोबर चालतं.

रुळापलीकडची
२ ऑगस्ट, रात्री ११.२०

लिहिलं. दुपारी ३. पहिलं नाव तुमचं, काका.

मंगळवारची माई
३ ऑगस्ट, सकाळी ७.१०

सुप्रभात. दोन गोष्टी.

एक, मंगळागौर मंगळवारीच असते हे बरोबर. पण दुपारी ४ला कोण येणार? माझ्या दोन्ही सुना नोकरी करतात. पूजा ज्याने त्याने आपापल्या घरी मंगळवारी करावी, खेळ शनिवारी, २२ला संध्याकाळी ठेवा. गौरीला काही राग येत नाही.

दोन, १८ सप्टेंबरला नाटक ठेवणारी व्यक्ती पुरुष आहे का? ताई, तुम्ही बाई असून ही चूक? १७ला गौरी येतात, १८ला जेवतात. सोळा भाज्या, पुरण, पंचामृत, संध्याकाळी हळदीकुंकू. नाटक बघायला फक्त नाटकात काम करणाऱ्यांचे वडील असतील, तेही घरातून हाकलले गेले म्हणून.

खेळांना माझं नाव लिहा. मात्र तालीम लागेल. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, सूप नाचवणं, लाट्या बाई लाट्या, एवढं जमवू. हॉलमधली फरशी गुळगुळीत आहे आणि वर सतरंजी टाकली की ती सरकते. गेल्या वेळी आमच्यातली एक अशी आपटली की महिनाभर पट्टा लावून हिंडत होती. तेव्हा सतरंजी नको, पायात मोजे नकोत, आणि साठीच्या पुढच्यांनी बसफुगडी घालायची नाही. हे मी स्वतःलाच बजावते आहे.

रुळापलीकडची
३ ऑगस्ट, सकाळी ८.०२

माई, नाटकाची चूक माझीच. कॅलेंडर हॉलच्या रिकाम्या तारखा बघून भरलं, घरचं बघून नाही. नाटक मंगळवारी, २२ सप्टेंबरला. खेळ २२ ऑगस्टला.

काळी माती
३ ऑगस्ट, दुपारी १.४५

मूर्तीच्या कार्यशाळेबद्दल. ६ सप्टेंबर फार उशीर होतो. शाडूची नऊ इंचांची मूर्ती सावलीत वाळायला पाच-सहा दिवस तरी घेते, तेही हवा कोरडी असेल तर. आपल्याकडे त्या दिवसांत भिंतीसुद्धा घाम गाळतात. ओली मूर्ती रंगवली की रंगाचे पापुद्रे निघतात. घाई करून उन्हात ठेवली की मानेशी तडा जातो, आणि मग चतुर्थीच्या सकाळी घरात जो काही प्रकार होतो तो मी बघितलाय. माझ्या घरातच. मुलगी दोन तास रडत होती आणि मी फेव्हिकॉल शोधत होतो.

३० ऑगस्टचा रविवार घ्या. राखी २८ला आहे, बाहेरगावची मंडळी तोवर परततात.

आणि कृपा करून 'आपल्या माळव्याची माती वापरू' असं कुणी म्हणू नका. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. माळव्याची काळी माती कपाशीला छान, सोयाबीनला छान, गणपतीला नाही. पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच मूर्तीला पडतात. शाडू मी आणतो. त्यात थोडा कापूस पिंजून मळायचा, म्हणजे हात आणि सोंड धरून राहतात. सोंड लहान मुलांना बारीक आणि लांब करायची असते. ती पोटाला टेकवायला शिकवायचं, अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

माझं नाव लिहा. वीस मुलं पुरे. एकविसावं आलं तर त्याच्या आईलाही बसावं लागेल.

ओला-सुका
३ ऑगस्ट, रात्री ८.३०

काळी माती यांना अनुमोदन. एक पुढची गोष्ट जोडतो: शाडूची घरची मूर्ती बादलीत विरघळते, पाणी झाडांना घालता येतं. प्लास्टरची विरघळत नाही. ती निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, संकलन केंद्रावरच द्यायची, आपल्या कुंडात नाही. गेल्या वर्षी कुणीतरी रात्री गुपचूप सोडली होती. कुंड रिकामं केलं तेव्हा गणपती तळाशी जसाच्या तसा बसलेला. सोंडसुद्धा हलली नव्हती.

महाप्रसादाचा कचरा मी बघतो, नाव लिहा. पण माझ्या अटी ऐका. थर्माकोल नाही, प्लास्टिकचे पेले नाहीत. एकदा वापरून फेकायच्या अशा वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२पासून बंदी आहे आणि तरी दर भंडाऱ्यात कुणीतरी 'थोडेसेच उरले होते' म्हणून काढतंच. आपल्याकडे कपाटात स्टीलची २०० ताटं आहेत. किल्ली शोधा.

आणि द्रोण, खरकटं, निर्माल्य एकत्र टाकायचं नाही. या गावात कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो हे बाहेरून माणसं बघायला येतात, आणि आपण हाराच्या दोऱ्यासकट फुलं ओल्यात टाकतो. ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे दिवसाला ५५० टन पचवणारा गॅसचा प्रकल्प आहे, २०२२च्या फेब्रुवारीत सुरू झालेला. त्याला उरलेली बुंदी चालते, दोरा आणि टाचणी चालत नाही.

जिरावण
४ ऑगस्ट, रात्री १२.१०

नाटक मी घेते. पण आधीच सांगते, मी हिंदी मिडियमची, ऱ्हस्वदीर्घ माफ करा.

मुलं सोळा आहेत. त्यातल्या चौघांच्या घरी मराठी बोलतात, सहा जणांच्या घरी आजी असेल तेवढा वेळ, बाकीच्यांना फक्त समजतं. मागच्या वर्षीच्या नाटकात शिवाजी महाराजांच्या दरबारातला एक सरदार म्हणाला, 'महाराज, मी सगडे किल्ले जिंकून आलो.' सगडे. अख्खा हॉल हसला. पोरगं विंगेत जाऊन रडलं, आणि यंदा नाटकात नाही म्हणतंय.

मला असं नाटक करायचंय ज्यात मुलं जसं बोलतात तसंच बोलतील. घरात आजी मराठी बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो, दोघांचं भांडण होतं, मध्ये शेजारचे भिया येतात. चालेल का?

जुना इंदूरकर
४ ऑगस्ट, सकाळी ६.५०

या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीनदा भरलं. १९१७, १९३५, २००१. आणि आता आपण रंगमंचावरून हिंदी ऐकवायचं? मराठी गणपतीत?

जिरावण
४ ऑगस्ट, सकाळी ९.१५

काका, तीन संमेलनं झाली तरी 'ळ' गेलाच नं. मग चौथ्याने येणार आहे का?

मंगळवारची माई
४ ऑगस्ट, सकाळी ९.४०

पोरीचं बरोबर आहे. आणि काका, तुम्ही तरी 'चौराह्यावर गाडी लावली' म्हणता. पुण्यातल्या माझ्या नणंदेने एकदा मला विचारलं, 'कुणाला लावली?'

पुण्याहून आलेला
४ ऑगस्ट, सकाळी १०.०५

मी मार्चपासून याच प्रश्नात आहे. पहिल्याच आठवड्यात घरमालकीण काकू म्हणाल्या, 'अरे, पंखा चालू करून दे नं, मी आत्ता येऊन राहिले.' मी पाच मिनिटं विचार करत होतो की काकू इथे राहायला येताहेत का.

जुना इंदूरकर
४ ऑगस्ट, दुपारी ४.२०

बरं बरं. हसा. माझं म्हणणं एवढंच आहे की 'ळ' यायला हवा. नाटक पोरीच्या मनासारखं होऊ द्या. त्याआधी दहा मिनिटं मला द्या. मुलांची 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' म्हणायची स्पर्धा घेतो. न अडखळता तीनदा म्हणेल त्याला माझ्याकडून पन्नास रुपये. सरदाराला पण बोलवा. त्याला मी आधी घरी बोलावून शिकवतो, कुणाला सांगू नका.

जिरावण
४ ऑगस्ट, दुपारी ४.३१

काका, धाग्यावर लिहिलंत तुम्ही हे. 😄 सगळ्यांना कळलं.

टेंटवाला भिया
५ ऑगस्ट, रात्री ९.००

रामराम. मंडप माझाच आहे म्हणून बोलतो, धंदा समजू नका. १४ ते २५ सप्टेंबर म्हणजे पाऊस संपत आलेला असतो पण गेलेला नसतो. शेवटची एक झड हमखास गणपतीत येते. कापडाचा मंडप स्वस्त पडतो, पण त्याच्या पोटात पाणी साठतं आणि बरोबर पाहुण्यांच्या डोक्यावर सुटतं. पत्र्याचा घ्या. आवाज होतो, पण कोरडे राहता. आत्ता बुकिंग केलं तर मिळेल. गौरीनंतर मागितलं तर मी माझ्या सख्ख्या भावालाही देऊ शकणार नाही.

स्पीकर रात्री १०ला बंद. हा नियम २००० सालापासून आहे, माझा नाही. सरकार वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तशी लेखी ऑर्डर असेल तरच मी सुरू ठेवीन. दहाला शेवटचं गाणं अर्धं राहिलं तर अर्धंच राहील. मागे एका कॉलनीत 'एकच अंतरा' म्हणत साडेअकरा झाले आणि माझं ॲम्प्लिफायर चार दिवस ठाण्यात होतं.

आता महाप्रसाद. काय करायचं ठरलंय? कुणी श्रीखंड-पुरी म्हणतंय, कुणी दाल-बाफले.

मंगळवारची माई
५ ऑगस्ट, रात्री ९.२५

श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा. झालं. गणपतीचा प्रसाद आहे, लग्न नाही.

काळी माती
५ ऑगस्ट, रात्री ९.४०

बाफले. इंदुरात राहून रविवारच्या पंगतीला बाफले नाहीत म्हणजे काय?

टेंटवाला भिया
५ ऑगस्ट, रात्री १०.१०

दोन्हींचा हिशेब सांगतो, मग भांडा.

साडेतीनशे माणसं धरू. पुरी म्हणजे दोन कढया, चार बाया लाटायला, आणि शेवटच्या पंगतीपर्यंत तळत राहायचं. पाहुणा उशिरा आला की पुरी गार, तोंड वाकडं. बाफल्याचं उलट आहे. जाड दळलेली कणीक, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, तुपाचं मोहन. गोळे आधी उकळत्या पाण्यात टाकायचे, वर तरंगले की काढायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे. सकाळी नऊला काम संपतं, एकपर्यंत गरम राहतात. माणशी दोन धरले तर सातशे बाफले, साधारण ४२ किलो पीठ. खरा खर्च तुपाचा आहे. तूप कमी केलं तर तो बाफला नाही, क्रिकेटचा बॉल आहे.

माझा सल्ला बाफले. पण म्हाताऱ्या माणसांच्या दातांसाठी दोन पातेली मसालेभात ठेवा.

मंगळवारची माई
५ ऑगस्ट, रात्री १०.२२

म्हाताऱ्या माणसांचे दात शाबूत आहेत. पण हिशेब पटला. मसालेभात माझ्या देखरेखीखाली होईल, गोडा मसाला मी घरून आणीन. आणि त्यावर शेव टाकायची नाही, हे आत्ताच सांगते.

जिरावण
५ ऑगस्ट, रात्री १०.२४

पोह्यांवर टाकतो तो जिरावण मसाला पण नाही? 🙁

रुळापलीकडची
६ ऑगस्ट, सकाळी ७.३०

महाप्रसाद: टेंटवाले भिया आणि माई, २० सप्टेंबर, रविवार. कचरा: ओला-सुका.

राहिली लताबाईंची संध्याकाळ, सिरपूर आणि कोजागरी. नावं नाहीत.

सूर लागत नाही
६ ऑगस्ट, दुपारी १२.५०

लताबाईंच्या कार्यक्रमाचं मी घेते, दर वर्षी आम्हीच चौघी गातो. त्या इंदुरात जन्मल्या, सिख मोहल्ल्यात, २८ सप्टेंबर १९२९ला. आपण नाही गायचं तर कुणी? पण घरून आक्षेप आलाय. २७ला पितृपक्ष लागतो. सासरे म्हणतात, पक्षात गाणंबजावणं करायचं नाही. नवरा म्हणतो, पुढे ढकला. जन्मदिवस कसा पुढे ढकलायचा?

जुना इंदूरकर
६ ऑगस्ट, दुपारी २.१५

तुमचे सासरे आणि मी एकाच शाळेतले. त्यांना सांगा, पक्षात नवी खरेदी करू नये, शुभकार्य करू नये, हे खरं. गेलेल्या माणसाची आठवण काढू नये असं कुठे लिहिलंय? पक्ष त्यासाठीच तर असतो. स्टेज नको, हार-सत्कार नको, पेढे नकोत. हॉलमध्ये सतरंजी टाकून बसा आणि गा. मी येईन. सासऱ्यांना मी घेऊन येईन.

मंगळवारची माई
६ ऑगस्ट, दुपारी २.४०

मला नाही पटत. माझ्या माहेरी पक्षात रेडिओसुद्धा हळू लावायचे. पण तुम्हाला करायचं असेल तर करा, मी अडवणार नाही आणि येणारही नाही. सर्वपित्रीनंतर केलंत तर पहिल्या रांगेत बसेन.

सूर लागत नाही
६ ऑगस्ट, रात्री ८.०५

माई, तुम्ही नाही आलात तर तंबोऱ्याला कोण बसणार? मग असं करते. २८ला आम्ही चौघीच घरी बसून दोन गाणी म्हणू. जाहीर कार्यक्रम १७ ऑक्टोबरच्या शनिवारी, नवरात्रात. माझं नाव लिहा.

रुळापलीकडची
६ ऑगस्ट, रात्री ८.२०

लिहिलं. सिरपूर?

बगळ्यांची माळ
६ ऑगस्ट, रात्री ९.१०

ताई, ११ ऑक्टोबर पक्ष्यांनी मान्य केलेला नाही. बाहेरून येणारी बदकं थंडीबरोबर येतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर पाणकोंबड्या, बगळे, पाणकावळे आणि जलपर्णी दिसेल. तेही वाईट नाही, पण मुलांना दुर्बीण देऊन पाणकोंबडी दाखवली की ती दुसऱ्यांदा येत नाहीत. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा रविवार धरा. सकाळी साडेसहाला धार रोडवर पोचायचं, पोहे परत येताना. 'आधी पोहे खाऊन जाऊ' म्हणणाऱ्याला गाडीत घेणार नाही, कारण मग नऊ वाजतात.

एक सांगायचं राहिलं. सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. आपल्यातल्या कितीतरी जणांनी सिरपूर फक्त बसमधून पाहिलाय. मी नेतो, पंधरा जण, भडक कपडे नकोत.

रुळापलीकडची
७ ऑगस्ट, सकाळी ७.१५

सिरपूर या यादीतून काढून डिसेंबरला टाकलं. आता फक्त कोजागरी. आज शुक्रवार आहे. रविवार रात्रीपर्यंत नाव आलं नाही तर कोजागरी नाही. मी खरंच काढणार आहे.

काळी माती
७ ऑगस्ट, सकाळी ८.००

अहो, कोजागरी कशी काढता? दर वर्षी असते.

रुळापलीकडची
७ ऑगस्ट, सकाळी ८.०४

दर वर्षी असते कारण दर वर्षी एकच काकू रात्री बारापर्यंत दूध ढवळत उभ्या असतात. यंदा त्या मुलीकडे बंगलोरला आहेत. तुमचं नाव लिहू?

काळी माती
७ ऑगस्ट, सकाळी ८.३०

मी मूर्ती घेतली आहे ना.

पुण्याहून आलेला
९ ऑगस्ट, रात्री १०.५०

दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही म्हणून लिहितोय. मला दूध आटवता येत नाही. खोलीवर चहा करतो तोही उतू जातो. पण गच्ची झाडणं, पातेली वाहणं, भांडी घासणं येतं आणि रविवार आहे म्हणून मी मोकळा आहे. कुणी दुधाचं सांगितलं तर माझं नाव लिहा.

टेंटवाला भिया
९ ऑगस्ट, रात्री ११.१५

शाबास. दुधाचं सोपं आहे. दोनशे माणसं, प्रत्येकी दीडशे मिली, म्हणजे तीस लिटर लागेल. आटून पाऊण व्हायला हवं, म्हणजे चाळीस लिटर विकत घ्यायचं. एका पातेल्यात नको, दोन घ्या, तळ जाड हवा. संध्याकाळी ७ला चढवा. एक माणूस सतत उलथनं तळाला घासत राहील, तो फोनवर बोलणार नाही. केशर, वेलची, जायफळ शेवटी. साखर आटल्यावर चाखून. आधी घातली तर तळाला लागते आणि मग सगळ्या कॉलनीला जळक्या चंद्राचा प्रसाद.

मंगळवारची माई
१० ऑगस्ट, सकाळी ६.४५

मी तासभर येऊन उभी राहीन. उलथनं तुझ्या हातात, खुर्ची माझ्याखाली. आणि दूध चंद्रप्रकाशात ठेवताना वर पातळ कापड बांध, गेल्या वर्षी त्यात पतंग पडला होता. कुणी बघितलं नाही, मी काढला.

ओला-सुका
१० ऑगस्ट, सकाळी ७.२०

गेल्या वर्षी मी दोन पेले प्यायलो होतो, माई.

रुळापलीकडची
१० ऑगस्ट, सकाळी ८.१०

कोजागरी: पुण्याहून आलेले. लिहिलं.

पक्की यादी संध्याकाळी फलकावर लावते. वर्गणी घरटी गेल्या वर्षीएवढीच. पत्र्याच्या मंडपासाठी जास्त लागले तर महाप्रसादाच्या दिवशी डबा फिरवू. १५ ऑगस्टच्या पोह्यांचं कुणी विचारलं नाही, तेव्हा ते मीच करते आहे, जिलबी विकतची.

किल्लीचं काय झालं?

जुना इंदूरकर
१० ऑगस्ट, दुपारी ५.३०

किल्ली माझ्याकडे होती. २०१९पासून. देवघरात, शंखाखाली. मी ती आमच्या जुन्या रामबागेतल्या घराची समजून रोज पूजा करत होतो. आज सरदार 'ळ' शिकायला आला होता, त्याने विचारलं, 'आजोबा, ही कसली किल्ली?' म्हणून लावून बघायला गेलो.

कपाट उघडलं. ताटं मोजली, १८७ आहेत. उरलेली तेरा कुणाकडे असतील त्यांनी गौरीच्या आत आणून द्यावीत. रात्री दाराशी ठेवून गेलात तरी चालेल, मी बघणार नाही.